सतरा आडवे

मोहाडी गावात शब्दकोड्याचं उत्तर चौकोनात लिहिलं की ते उत्तर स्वतः घरी येतं, चार मिनिटं बसतं, आपली माहिती सांगतं आणि पुढच्या घरी जातं. गावात कोडं सोडवणारी एकशे बारा घरं आहेत. त्यामुळे उत्तरांना सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत उसंत नसते आणि कोणी जेवायचा आग्रह केला तर ती हात जोडतात.

आडवी उत्तरं पुढच्या दाराने येतात. उभी गच्चीवरून जिन्याने खाली उतरतात. नदी आली की तिला न्हाणीघरात बसवायचं, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. देशांच्या राजधान्या आत मावत नाहीत, त्या फाटकाशीच थांबून दोन शब्द बोलतात. आणि ज्या दोन उत्तरांचं एखादं अक्षर सामायिक असेल, ती दिवसभर बरोबर हिंडतात, कारण अक्षर एकच असतं आणि ते दोघांना लागतं.

विमल शेटे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या, त्याला आता वीस वर्षं झाली. जगातलं बहुतेक शहाणपण त्यांना या कोड्यातूनच मिळालेलं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे त्यांना खुद्द ऑक्टोपसने सांगितलं होतं, तेही बादलीत बसून. शेजारच्या पोतनीस सरांबरोबर त्या एकच पेपर घेत. आडवे शब्द बाईंनी सोडवायचे, अकरा वाजता पेपर कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे द्यायचा, उभे सरांनी सोडवायचे. उत्तर आलं की बाईंच्या व्हरांड्यात बसायचं आणि सर भिंतीपलीकडे स्टुलावर उभे राहून ऐकायचे. एकोणीस वर्षं हा क्रम होता. या एकोणीस वर्षांत सर बाईंच्या घरात आले नव्हते आणि बाई सरांच्या. गरजच पडली नव्हती.

मग ते एमूचं प्रकरण झालं.

'उडता न येणारा पक्षी, दोन अक्षरे.' बाईंनी 'एमू' लिहिलं. सर म्हणाले, 'किवी.' पण तोवर एमू येऊन व्हरांड्यात बसला होता. चुकीचं उत्तरही येतंच. फक्त आपण चुकून आलोय हे त्याला कळतं आणि ते अवघडून बसतं. एमू बिचारा मान खाली घालून सांगत होता की आमच्यात अंडी नर उबवतो आणि त्या दिवसांत जवळजवळ उपाशी राहतो. आणि सर भिंतीपलीकडून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, पक्ष्यांतलं तुम्हाला काय कळतं? परत पाठवा याला!"

एमू उठला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात 'किवी' छापून आलं, म्हणजे सरांचं बरोबरच होतं. त्यामुळे तर बाईंना जास्तच राग आला. पाहुण्याचा दारात अपमान केलेला त्यांना खपत नसे, मग तो बरोबर असो की चूक. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. बाई आता आडवे-उभे सगळं एकट्याच सोडवीत आणि अकरा वाजता पेपर भिंतीवर ठेवून, मागे न बघता आत जात.

तेविसाव्या दिवशी पेपर टाकायला आलेला शिंगटे फाटकाशी घुटमळला.

"बाई, एक तारखेपासून पेपर तुमच्या एकटीचाच ना?"

"का रे?"

"सर चाललेत ना नाशिकला, लेकीकडे. कायमचे. तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे की," बाई म्हणाल्या. त्यांना ठाऊक नव्हतं. एक तारखेला चार दिवस उरले होते.

त्या पेपर घेऊन बसल्या, पण लक्ष लागेना. सर जाऊ नयेत असं त्यांना वाटत होतं. अगदी पोटातून वाटत होतं. पण हे सांगायचं म्हणजे आधी बोलायला हवं आणि आधी बोलायचं म्हणजे एमूला विसरायला हवं. त्यांनी अठरा उभे लिहून टाकलं. 'मागचे पाय आखूड असलेला निशाचर प्राणी, तीन अक्षरे.' तरस. मग त्या सतरा आडव्याशी आल्या आणि त्यांनी चष्मा पुसला.

'मोहाडीतील शेटेबाईंच्या भिंतीपलीकडे राहणारे निवृत्त भूगोल शिक्षक, आडनाव, चार अक्षरे.'

दुसरं अक्षर तरसाच्या 'त'मुळे आधीच भरलेलं होतं. बाकीचे तीन चौकोन बाईंनी तसेच ठेवले. त्या दिवशी अकरा वाजता पेपर भिंतीवर गेला नाही आणि पलीकडून तो कोणी मागितलाही नाही. सर आठलाच इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले होते. उत्तर म्हणून नाव आल्यावर माणूस घरात कसा बसेल?

दुपारी कासारांची सून रोहिणी कोथिंबीर मागायला आली आणि कोथिंबीर विसरून बोलत बसली.

"काकू, आमच्याकडे आत्ताच येऊन गेले सर. तरस होतं बरोबर. स्वभावानं अगदी गरीब. पण तुम्हाला सांगते, सरांनी समुद्र पाहिलेलाच नाही! चौतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि समुद्र नाही पाहिला!"

"असं त्यांनी सांगितलं?"

"सांगणारच ना, उत्तर आहेत ते. आणि कुकरची शिट्टी झाली की त्यांना दचकायला होतं. आमचा कुकर लावलेला होता, तर प्रत्यक्षच बघितलं. अन् लहानपणी कीर्तनात झांजा वाजवायचे म्हणे. तुम्हाला काय, हे सगळं आधीच माहीत असेल."

"हो तर," बाई म्हणाल्या आणि कोथिंबीर जरा जास्तच जोरात खुडली.

त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ऑक्टोपसची हृदयं माहीत, किवीच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात हे माहीत, आणि भिंतीपलीकडचा माणूस कुकरला दचकतो हे आता सगळ्या गावाला माहीत, त्यांना सोडून. हा त्यांना स्वतःवरच अन्याय वाटला. तरीही त्यांनी पेन हातात घेतलं नाही. तेवढा ताठा त्यांच्यात होता.

साडेपाचला जिन्यावर नखं वाजली आणि तरस खाली उतरलं. दमलेलं होतं. बाईंनी पाणी दिलं.

"एकशे बारावं घर," तरस म्हणालं. "माहिती थोडक्यात सांगतो. आमचे पुढचे पाय लांब, मागचे आखूड. त्यामुळे जिना उतरताना त्रास होतो. आज एकशे बारा जिने झाले."

"सोबतीचे कुठे आहेत?" बाईंनी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"बाहेर आहेत. तुम्ही लिहिलं नाहीत, त्यामुळे त्यांना आत येता येत नाही. मात्र एक अडचण आहे, बाई. माझा 'त' आणि त्यांचा 'त' एकच आहे. तो तुमच्या कोड्यात लिहिलेला आहे. म्हणजे नियमाप्रमाणे सर एक चतुर्थांश आत आलेले आहेत."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. पोतनीस सर फाटकाशी उभे होते. त्यांचा डावा पाय फाटकाच्या आत होता आणि बाकीचे सर रस्त्यावर होते. तोल सांभाळायला त्यांनी फाटकाची कडी धरली होती. रस्त्याने जाणारे लोक नमस्कार करत होते आणि सर एका हाताने तो परत करत होते.

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं. मी गच्चीवर दम खात होतो."

"मग हाक नाही मारायची?"

"उत्तरानं हाक मारायची पद्धत नाही," तरस म्हणालं. "विचारल्याशिवाय आम्ही बोलत नाही."

सहाला वेळ संपणार होती. घड्याळात सहाला चौदा मिनिटं कमी होती. सर आत न येताच वेळ संपली असती, तर पुन्हा हे आडनाव कोड्यात कधी आलं असतं कोण जाणे. बाईंनी पेन उचललं आणि 'पो' लिहिलं. बाहेर सरांचा दुसरा पाय आत आला. 'नी' लिहिलं. 'स' लिहिला, आणि सर दारात उभे राहिले.

"या," बाई म्हणाल्या. "बसा."

सर बसले. तरस त्यांच्याशेजारी खाली बसलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच सर त्या खोलीत आले होते, त्यामुळे ते भिंतीवरचं कॅलेंडर, फळीवरचे डबे, सगळं पाहत राहिले. बाईंनी घसा साफ केला.

"सांगा माहिती. पण समुद्राचं नको, कुकरचं नको, झांजांचं नको. ते सगळ्या गावाला कळलंय."

"ठीक आहे," सर म्हणाले. मग वर्गात सांगावं तसं एका दमात सांगितलं, "मोहाडीचा पोतनीस. स्वभावानं हेकट. दुसऱ्याच्या पाहुण्याला घालूनपाडून बोलला, तर आपण चुकलो हे त्याला त्याच रात्री कळतं. तोंडानं म्हणायला मात्र साधारण तेवीस दिवस लागतात."

तरसाने मान वर केली. "हे बाकी कुठल्याही घरी सांगितलं नव्हतं," ते म्हणालं. "मी प्रत्येक ठिकाणी बरोबर होतो."

बाईंना एकदम खूप बरं वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी कोडं उचलून डोळ्यांपुढे धरलं.

"आणि स्थलांतर?" त्यांनी कागदाआडून विचारलं. "स्थलांतर करतो का?"

"कायमचं करणार होता."

"होता?"

"आता फक्त मे महिन्यात करतो," सर म्हणाले. "नाशिकला, लेकीकडे. जून लागला की परत."

हे खरंच असणार, कारण उत्तरं खोटी माहिती देत नाहीत. सहा वाजले. तरसाने सरांकडे पाहिलं, सरांनी तरसाकडे. मग तरस एकटंच उठलं, नमस्कार करून जिना चढू लागलं, आणि सर बसूनच राहिले.

"वीस उभे अडलंय," बाई म्हणाल्या. "खुर्ची जरा पुढे घ्या."