होम प्लेटवरचा जबाब

दहा वर्षांखालील मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत, उपांत्य सामन्याच्या शेवटच्या डावात, एक मुलगी होम प्लेटकडे घसरत आली आणि धुळीचा लोट उठला. क्षेत्ररक्षकाने हातातला चेंडू आधी अंगाला लावला असेल तर ती बाद. पाय आधी प्लेटला लागला असेल तर धाव, आणि सामना खिशात. पंच म्हणजे निवृत्त गणित-शिक्षक. धुळीतून जमेल तेवढं पाहून त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. धाव!

मुलगी उठली, गुडघे झटकले. "सर, मी बाद आहे. चेंडू आधी लागला, इथे खांद्याला."

"नक्की?"

"खांदा माझाच आहे ना!"

सरांनी हसून निर्णय बदलला. इथवर सगळं विनापरवाना सुरळीत चाललं होतं.

मुलीचे वडील हेच संघाचे प्रशिक्षक. ते नियमपुस्तक फडकावत आले. "कलम नऊ! पंचांचा निर्णय अंतिम! खेळाडूला आक्षेप घेता येत नाही."

"आक्षेप कुठला? पोरगी खरं बोलतेय."

"खरं बोलायची तरतूद दाखवा!"

तरतूद नव्हती. बुटांच्या नाड्यांवर मात्र दोन पानं होती.

तांत्रिक समिती तंबूत बसली. खेळाडूचा जबाब विहित नमुन्यात हवा आणि वय नऊ असल्याने त्यावर पालकांची सही हवी, असं ठरलं. पालक सही करेनात. सबब जबाब झालाच नाही. सबब मुलगी बाद नाही. सबब संघ विजयी.

मात्र न झालेला जबाब देऊन तिने पंचांची दिशाभूल केली होती. शिक्षा, एका सामन्याची बंदी. पुढचा सामना अंतिम होता आणि त्यात ती पहिल्यांदाच पिचर म्हणून, चेंडू टाकायला उतरणार होती. तिचा चेहरा एवढासा झाला.

अध्यक्ष मायाळू होते. "धुळीमुळे गैरसमज झाला, एवढं लिहून दे बेटा. बंदी रद्द."

"पण माझ्या डोळ्यांत धूळ गेलीच नव्हती."

"दोनच ओळी आहेत गं," आई म्हणाली. "शहाण्यासारखं वाग."

मुलगी पंचांकडे वळली. "सर, काय लिहू?"

"झालं तेच लिही, बाळा."

पंचांनी खेळाडूला सल्ला देणं हा कलम चौदाचा भंग. सरांची रवानगी तत्काळ गुणफलकाचे आकडे बदलायला झाली.

मुलीने ओठ चावत दोन ओळी लिहिल्या. आता मात्र वडिलांची सही क्षणात पडली. त्याच कागदाच्या आधारे तिला खिलाडूवृत्तीची ढाल देण्यात आली. हरलेल्या संघाच्या पालकांनी जास्त जोरात टाळ्या पिटल्या. आपलंही मूल असंच समंजस निघावं, अशी त्यांची इच्छा होती.

अंतिम सामन्यात तिने वाकून एक चेंडू उचलला. झेल होता की चेंडू आधी जमिनीला टेकला, हे नव्या पंचांना दिसलं नाही.

"बेटा, झेल घेतलास ना?"

तिने आधी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो काका."

आता तुम्ही त्या बापाला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. फक्त पुढच्या खेपेला तिकीटखिडकीतला माणूस तुमच्या मुलाला "वय किती रे?" विचारेल, तेव्हा ते उत्तर देण्याआधी कुणाकडे बघतं, तेवढं पाहून घ्या.