सर्व्हरसाठी घेतलेलं नाव

अमडापुरात पहिला डेटाबेस सर्व्हर कोणी बसवला, असं कोणी विचारलं तर बेधडक माझं नाव सांगा. पुंजाजी आबा! साठी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात पाटी घेऊन बसलेला माणूस, हे खरं. पण आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाचा अध्यक्ष! आणि अध्यक्षाला सगळं येतं. येत नसलं तरी येतं असं बोलता येतं, आणि अध्यक्षपदाला तेवढं पुरतं.

लग्नाळू मुलामुलींचे फोटो आणि पत्रिका आम्ही एका गाठोड्यात ठेवत असू. त्या गाठोड्यात उंदरांनी इतकी स्थळं कुरतडली होती, की तेवढी मंगळानेही मोडली नसतील. म्हणून मी भर सभेत जाहीर केलं, "यंदाच्या मेळाव्यापासून सारी माहिती कॉम्प्युटरात! बटन दाबलं की स्थळ बाहेर!"

आमचे उपाध्यक्ष खो खो हसले. शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका बोरीवरून आमचं वाजलं, तेव्हापासून त्यांचं नाव मी तोंडात घेत नाही. लोक त्यांना हिंमतराव म्हणतात. लोकांनी म्हणावं. मी उपाध्यक्ष म्हणतो.

"अन् स्थळ नाई निघालं तर?" उपाध्यक्षांनी विचारलं.

"तर हा माह्या डोक्यावरचा फेटा तुमच्या डोक्यावर ठेवीन, अन् खुर्ची खाली करीन!"

टाळ्या पडल्या. कोणत्या गोष्टीला पडल्या, ते मी विचारलं नाही.

कॉम्प्युटर घेऊन झाला होता, ओसरीवर मांडूनही झाला होता. मलकापुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे भास्कर सर फोनवर म्हणाले, "आबा, नुसत्या कॉम्प्युटरनं भागत नाही. त्यात सर्व्हर बसवावा लागते. मी घेऊन येतो."

सर्व्हर येऊन राह्यला! तासाभरात गावभर झालं. आमचे खजिनदार उकंडराव हा फार पुढचा विचार करणारा माणूस. त्यांनी एसटी स्टँडवर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली, दणके बसू नयेत म्हणून तीत कडबा अंथरला, आणि उतरवून घ्यायला चार गडी, दोन दोरखंड! भास्कर सर उतरले तेव्हा त्यांच्या खांद्याला एक पिशवी.

"सर्व्हर कुठी आहे, सर?" उकंडरावांनी एसटीच्या टपाकडे पाहत विचारलं.

"या पिशवीत." सरांनी एक चकाकती तबकडी काढून दाखवली.

चार गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण ट्रॉली आणली होती, ती रिकामी कशी न्यायची? तबकडी कडब्याच्या गादीवर ठेवली गेली, आणि सर मडगार्डवर बसून आले.

आता आमच्याकडे नवी वस्तू बिनापूजेची वापरत नाहीत. ट्रॅक्टर असो, कोळप्याचं पातं असो. सर मोरीवर हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात घरच्या मंडळींनी तबकडी पाटावर ठेवून तिची पूजा केली. घरची मंडळी म्हणजे माझी बायको, आशीची माय. नाव विचारू नका. आमच्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. नवराही बायकोचं घेत नाही, याचा मात्र कोणी गवगवा करत नाही! तर आशीच्या मायने ओल्या कुंकवाचं, चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. अर्थातच चकचकीत बाजूला. खडबडीत बाजूला कोणी देवाला कुंकू लावतं का?

सर आले आणि पाटापाशी मटकन बसले. "मावशी! हे काय केलं?"

"काऊन? कुंकू कमी पडलं का?"

"त्या बाजूनं मशीन वाचते हो!"

"मंग मंत्र वाचू दे की आधी," आशीची माय म्हणाली. पण पाहुण्याचं तोंड पाहून तिलाही वाईट वाटलं असावं. तिने तबकडी उचलली, मोरीवर नेली, आणि चिंच आणि चुलीतली राख लावून तांब्याच्या घागरीसारखी घसाघसा घासून आणली. "घ्या. आता तोंड दिसते त्याच्यात."

तोंड दिसत होतं, हे खरं. पण कॉम्प्युटरात घातल्यावर पिठाच्या गिरणीत खडा गेल्यासारखा आवाज झाला आणि मशीनने तबकडी जीभ काढावी तशी बाहेर काढली.

सर आल्या पावली मलकापूरला गेले. परत आले ते मेळाव्याच्या आदल्या दुपारी. दुसरी तबकडी त्यांनी बनियनच्या आत ठेवली होती आणि जेवतानाही बाहेर काढली नाही. आशीची माय कुंकवाचा करंडा घेऊन दारात उभीच होती!

अखेर सर्व्हर बसू लागला. पडद्यावर चौकटीमागून चौकट उघडे आणि सर प्रत्येकीला 'पुढे, पुढे' म्हणत जात, जशी पंगतीत न विचारता पोळी वाढावी.

"पण सर्व्हरची पेटी कुठी आहे?" मी विचारलं.

"निराळी पेटी नसते, आबा. तो याच कॉम्प्युटरात आत बसून राहते. दिसत नाही. आपण मागितलं की माहिती काढून देते."

"म्हणजे घरजावई!"

"घरजावई काम करत नाई," आतून आवाज आला.

इतक्यात मशीनने पासवर्ड मागितला. सर म्हणाले, "हा फक्त अध्यक्षानं ठेवायचा. शब्द असा टाका आबा, की जो तुमच्या तोंडून आजवर कोणी ऐकला नाही."

मला विचारच करावा लागला नाही! माझ्या तोंडून कोणीच ऐकला नाही, असा एक शब्द माझ्यापाशी सारा संसार पडून होता. इंग्रजी अक्षरांखाली मराठी अक्षरं लिहून सरांनी एक पुठ्ठा मला दिला होता. त्यांना पाठमोरं बसवलं, पुठ्ठा पुढे घेतला आणि एका बोटाने बायकोचं नाव घातलं. अख्ख्या जिल्ह्यात याहून पक्कं कुलूप नव्हतं! मी मिशीवरून हात फिरवला.

मिशीवर हात फिरवायचं सुख तेवढ्यावरच संपलं.

मेळाव्याला चिखलीपासून मलकापूरपर्यंतचा समाज लोटला होता. मांडवात टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्याला झेंडूची माळ. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया. पहिलं स्थळ सत्यभामाबाईंच्या लेकीसाठी काढायचं ठरलं होतं. त्या माउली पदर सावरून पुढेच येऊन बसल्या होत्या. सगळं तयार होतं, आणि वीज गेली.

हरकत नव्हती. जनरेटर भाड्याने आणला होता. तो मांडवालगतच धडधडू लागला. असा, की उखळ, गिरणी आणि उकंडरावांची मोटारसायकल एका खोलीत कोंडावी. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. पण झटक्यात पडलेला सर्व्हर काही उठेना. सरांनी त्याला कसाबसा उठवला आणि मला खुणावलं, "पासवर्ड!"

मी ऐटीत उठलो. तेवढ्यात उपाध्यक्षांना माझा सत्कार आठवला! माझी खुर्ची जाणार म्हणून असेल, पण त्यांनी मुसंडी मारून पाच शेराचा हार माझ्या गळ्यात असा टाकला, की चष्मा खाली आणि चष्म्यावर उपाध्यक्षांचा बूट. 'चुकून' पडला, असं ते आजही सांगतात. चुकून बूट दोनदा पडतो का?

बिनचष्म्याचा मला कीबोर्ड म्हणजे सुपात पाखडलेल्या शेंगा दिसत होता. मी सरांच्या कानाशी वाकलो आणि पुटपुटलो.

"ऐकू येत नाही, आबा!"

पुन्हा पुटपुटलो.

"जनरेटरमुळं काहीच कळत नाही! मोठ्यानं!"

उपाध्यक्ष हसत फेट्याकडे पाहत होते. माझ्या. स्वतःच्या डोक्यावर मापात बसेल का, याचा अंदाज चालला होता. माझ्या अंगात आलं. मी छाती भरून घेतली आणि होतं नव्हतं तेवढ्या आवाजाने ओरडलो,

"रुखमा!"

आणि नेमका त्याच क्षणी जनरेटर बंद पडला. 'ख' पासून पुढचं सगळं मोकळ्या मांडवात घुमलं! पार गावाबाहेर पोचलं असेल.

मग बायांच्या अंगाकडून शेजारच्या पुष्पाबाई उठल्या. "आवं माय! पुंजाजीबुवानं नाव घेतलं व!"

"मावशीचं नाव पासवर्ड?" सर.

"तो आता राह्यला का पासवर्ड?" उकंडराव.

"असं नाई चालत!" पुष्पाबाई कमरेला पदर खोचून पुढे आल्या. "ढोराले हाका मारल्यावाणी नाव घेतात का कोठी? उखाणा पायजे! उखाण्याबिगर मशीन चालू द्यायचं नाई!"

साऱ्या बाया "उखाणा! उखाणा!" करू लागल्या. पुरुष तर आधीच फितूर होते. आणि उपाध्यक्ष? ते सगळ्यांत मोठ्याने! जनरेटरवाला तेल आणायला गेला होता, म्हणजे पळवाटही नव्हती. समोर आशीची माय डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढून बसली होती. मी डोळे मिटले.

"पेटीले पायजे वीज, विजेले पायजे तार,
रुखमाचं नाव घेतलं, आता तरी उघड दार!"

मांडव उडायचा तेवढा बाकी राहिला. जनरेटर चालू झाला, सरांनी नाव घातलं, दार उघडलं आणि पहिलं स्थळ छापून बाहेर पडलं. सत्यभामाबाईंच्या लेकीसाठी सर्व्हरने सारा जिल्हा धुंडाळला आणि नवरदेव काढला तो त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारा!

"हा?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "हा तर रोज विरजण मांगाले येते."

काही असो, स्थळ निघालं! खुर्ची वाचली, फेटा वाचला. घर मात्र वाचलं नाही.

"सारी उमर गेली," आशीची माय माझ्यासमोर पाण्यासारखं वरण वाढत म्हणाली, "मले कधी नावानं हाक मारली नाई. अन् मशीनसाठी मारली!"

पासवर्ड तर बदलणं भागच होतं. सरांनी तोच नियम सांगितला: तोंडून कधी न निघालेलं नाव. मी क्षणभर विचार केला आणि गुपचूप घातलं. पण पुष्पाबाईंनी आशीच्या मायच्या कानात वारं भरलं होतं. "आता कोनाचं टाकलं असन व? आधी तुह्यं होतं, म्हणजे आता दुसऱ्या कोनत्या तरी बाईचंच असन!"

त्यानंतर वरणही मिळेना. पोटापुढे अध्यक्षपद किती टिकणार? शेवटी मी आशीच्या मायला जवळ बसवून खरं ते सांगितलं. ती हसली ती अशी, की चुलीवरचं दूध उतू गेलं. मग तिने पुष्पाबाईंना सांगितलं, "कोनाले सांगजो नोको."

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर सर्व्हर उघडत होतो, तर अंगणात खाकरण्याचा आवाज आला.

"काय अध्यक्ष," उपाध्यक्ष म्हणाले, "रोज सकाळी आंघोळ करून माह्या नावाचा जप करता म्हणे? अन् त्याबिगर दारच उघडत नाई?"

मी त्याच दिवशी भास्कर सरांना मलकापुराहून बोलावून घेतलं. ते म्हणाले, "आबा, आता कोणतं नाव टाकायचं?"

आता माझ्यापाशी न घेतलेलं नावच कुठे उरलं होतं?

"तुम्हीच टाका," मी म्हणालो, "अन् मलेही सांगू नका."

तेव्हापासून अध्यक्ष मीच आहे. सर्व्हर माझ्याच ओसरीवर आहे, आणि त्याची पूजा दर शुक्रवारी होते. फक्त तो उघडायचा झाला, की मलकापूरच्या एसटीची वाट पाहावी लागते.