निळ्या गाडीवरचं धुकं

“माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. आणि समजा सुटलीच, तर ती कुठल्या बिळात राहते, घरात कोण कोण असतं आणि साखरेच्या डब्याशी तिचे संबंध कधीपासूनचे आहेत, हे मी बसल्या जागी सांगतो.”

दाजी आपली ओळख अशी करून देत. ज्यांनी विचारली नव्हती त्यांनाही देत. उभी हयात त्यांनी वजनमापं खात्यात काढली होती. एकदा एका दुकानदाराच्या तराजूखाली चिकटवलेलं लोहचुंबक त्यांनी पकडलं आणि त्या दिवसापासून आपण जन्मजात गुप्तहेर आहोत हे त्यांना कळलं. ते चुंबक खरं तर सुटून त्यांच्या पायावर पडलं होतं. पण अंगठा सुजलेला माणूस म्हणेल तो इतिहास, असं म्हणून खात्याने विषय संपवला.

निवृत्तीनंतर दाजींना मदतनीस हवा होता. तो त्यांना घरातच मिळाला. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळेला सुट्टी लागली आणि ताईने भावाला बाजूला घेऊन सांगितलं, “तुझ्या दाजींना रोज सकाळी कुठेतरी ने. मला घर झाडायचं असतं. मी केर काढते तर ते त्यात पुरावे शोधत बसतात.”

मास्तरची नेमणूक झाली ती अशी.

एके सकाळी जजसाहेब स्वतः चालत आले. निवृत्त न्यायाधीश. त्यांनी भर कोर्टात दिलेला निकाल कधी फिरवला नव्हता आणि घरात बायकोने दिलेला निकाल फिरवायची कधी हिंमत केली नव्हती. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक लांबलचक, गडद निळी गाडी होती. शेजारच्या दातवाल्या डॉक्टरांची मुलगी लहान असताना त्या गाडीच्या बॉनेटवर बसून दूध प्यायची. “तुझ्या लग्नाला तुला ह्याच गाडीतून नेणार,” असा शब्द जजसाहेबांनी तेव्हा दिला होता. आता लग्न येत्या रविवारी होतं.

“गाडी मी स्वतः हाताने चमकवतोय,” जजसाहेब म्हणाले. “यंत्राला हात लावू दिला नाही. आधी धुवायची, सुकवायची, मग सावलीत उभी करून एकेक भाग घ्यायचा. बोटाएवढं पॉलिश, लहान लहान गोल, ते वाळून पांढरं झालं की मऊ फ्लॅनेलने पुसायचं. वरून मेणाचा हात. काम संपतं तेव्हा आरशासारखी दिसते, शपथेवर सांगतो. मग मी चहाला आत जातो. परत येऊन बघतो तर सगळ्या गाडीवर धुकं!”

“धुकं?” दाजींचे डोळे लकाकले.

“पांढुरकं, धुरकट. जणू कुणी वरून फुंकर मारून गेलंय. चार दिवस हेच चाललंय.”

“संशय?”

जजसाहेबांनी मान फिरवली. “माझा तीस वर्षांचा मित्र आहे तो. मला त्याचं नाव घ्यायला लावू नका. पलीकडेच राहतो. दात काढतो.”

“नाव घेतलं नाहीत हे फार चांगलं केलंत,” मास्तर म्हणाला. दाजींनी त्याला डोळ्यांनी दटावलं.

गोष्ट एवढीच होती, की महिन्यापूर्वी डॉक्टर सहज म्हणाले होते, “अरे, त्या जुन्या गाडीत पोरीला उकडेल. नवी भाड्याने घेऊ या का?” जजसाहेबांनी हे वाक्य मनातल्या मनात उगाळून उगाळून त्याचं चंदन नाही, पण कट मात्र केला होता.

गाडी जजसाहेबांच्या पोर्चमध्ये उभी होती. मास्तरने पाहिली आणि तो जागच्या जागी थांबला. निळा रंग इतका खोल दिसत होता, की बोट बुडवलं तर ओलं होऊन येईल. दारावर समोरचं झाड पानापानासकट उतरलं होतं.

“दाजी, गाडी तर झकास आहे. मला माझा चेहरा दिसतोय.”

“तोच डाग,” दाजी म्हणाले. “बाजूला हो.”

त्यांनी खिशातून भिंग काढलं. त्यावर त्यांच्याच बोटांचे ठसे होते. आजवरच्या कारकिर्दीत त्यांना सापडलेले ठसे बहुतेक हेच. “जरा एखादं फडकं?” त्यांनी हात पुढे केला. जजसाहेबांनी हातातलं फ्लॅनेल दिलं. दाजींनी भिंग दोन्ही बाजूंनी खसाखसा पुसलं, बॉनेटवर ओणवे झाले आणि ओरडले, “धुकं! चांगलं दाट धुकं!”

“बघा!” जजसाहेब म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती.

“मला नाही दिसत,” मास्तर म्हणाला.

“भूगोलाच्या माणसाला धुकं नकाशात दाखवलं तरच दिसतं,” दाजींनी जजसाहेबांना समजावलं.

तपास सुरू झाला. पहिला संशय जजसाहेबांच्या मांजरीवर गेला. ती बॉनेटवर झोपते आणि तिच्या श्वासाची वाफ मेणात मुरते, असा दाजींचा सिद्धांत होता. त्यांनी मांजरीच्या तोंडासमोर आरसा धरून वाफ मोजायचा प्रयत्न केला. मांजरीने आरशातल्या मांजरीला ओरबाडलं, आणि ती आरशात नसल्यामुळे ओरखडा दाजींच्या मनगटावर उमटला. मांजर निर्दोष सुटली. मनगटाला पट्टी बांधावी लागली.

दुसरा संशय खुद्द जजीणबाईंवर. “नवरा सकाळपासून गाडीला कुरवाळतो. बायकोच्या पोटात दुखणार नाही? मत्सर, मास्तर, मत्सर!”

जजीणबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “मत्सर कसला? ते सकाळभर बाहेर असतात. ही गाडी मी नवसाने मागितली असती.”

दाजींनी हे उत्तर ‘संशयास्पद मोकळेपणा’ म्हणून मनात टिपलं.

मग डाव्या मडगार्डच्या कडेला त्यांना पांढरी पूड सापडली. दाजींनी ती चिमटीत धरली, हुंगली, जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. “दातांचे साचे घेतात ते प्लास्टर! गुन्हेगार स्वतःची सही ठेवून गेलाय.”

“पॉलिश फटीत वाळलं की असंच पांढरं दिसतं ना?” मास्तरने विचारलं. “जजसाहेबच मघाशी म्हणाले.”

“तू चाखलंस का?”

“नाही.”

“मग बोलू नकोस.”

जजसाहेबांनी ती पूड पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. ते रागावले असते तर मास्तरला बरं वाटलं असतं. म्हातारा माणूस पायरीवर बसला आणि हळूच म्हणाला, “रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळतो हो आम्ही. काल मी गेलो नाही. तो कुंपणाशी उभा राहून हाका मारत होता. मी आतला दिवा बंद केला.”

मास्तरसाठी इतका वेळ हा खेळ होता. केर काढून होईपर्यंत दाजींना रमवायचं, एवढंच. पण ह्या खेळात तीस वर्षांचा सोबती निष्कारण आरोपी होऊन बसला होता आणि पलीकडच्या घरात लग्न होतं.

“दाजी,” तो त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, “पुरे करू या. गाडी चमकतेय. आंधळ्यालाही दिसेल.”

“आंधळ्यालाच दिसेल,” दाजी म्हणाले. “उद्या सकाळी सगळ्यांना पोर्चमध्ये बोलाव. मी गुन्हेगाराचं नाव जाहीर करणार. असं सगळ्यांसमोरच करायचं असतं.”

“का?”

“म्हणजे काय? त्याशिवाय आपण एवढे हुशार आहोत हे लोकांना कळणार कसं?”

दुसऱ्या दिवशी जजसाहेबांनी पुन्हा सगळी गाडी घासली, चहा घेतला, बाहेर आले आणि कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा धुकं. तोवर मंडळी जमली होती. दातवाले डॉक्टर दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच आले होते. सोबत त्यांची मुलगी होती. ताईही आली होती, कारण दाजींनी घरून निघताना इस्त्रीचा शर्ट मागितला होता आणि हे लक्षण तिला ठीक वाटलं नव्हतं. जजीणबाई खुर्ची टाकून नवऱ्याच्या कोटाचं बटण लावायच्या तयारीत बसल्या होत्या.

दाजी येरझाऱ्या घालू लागले. “एक गाडी. एक शब्द. आणि त्या शब्दावर पडलेलं धुकं! इथे उभी असलेली एक व्यक्ती रोज शेकडो लोकांना आ करायला लावते—”

“शेकडो नाहीत हो,” डॉक्टर म्हणाले. “तेवढे आले असते तर पोरीच्या लग्नाची धावपळ करायला वेळ मिळाला नसता.”

“कबुली!” दाजी गरजले. “वेळ मिळाला! चहाच्या वेळी कुंपण ओलांडायला वेळ मिळाला! प्लास्टरची फुंकर मारायला वेळ मिळाला!”

डॉक्टरांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी दाजींकडे पाहिलंच नाही. ते जजसाहेबांकडे वळले. “तुला असं वाटतं? मी गाडी खराब करतो?”

उभ्या आयुष्यात इतक्या लोकांना शिक्षा सुनावलेले जजसाहेब आत्ता खाली बघून फ्लॅनेलची घडी घालत होते.

“म्हणून परवा दिवा बंद केलास?” डॉक्टर म्हणाले. “चल गं बेटा. ह्या गाडीत आपल्याला बसायचं नाही.”

मुलगी हलली नाही. “बाबा, थांबा. काका, तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं ना त्यांना.”

“गाडीवर काहीही नाहीये!” मास्तर ओरडला. तो वर्गातसुद्धा एवढ्या मोठ्याने ओरडत नसे. “लख्ख आहे ती! पहिल्या दिवसापासून लख्ख आहे! मी तीनदा सांगितलं!”

“साक्षीदार फुटला,” दाजी म्हणाले.

इतक्यात जजीणबाई पुटपुटल्या, “माझा चष्मा वर राहिला वाटतं. अहो, तुमचा द्या जरा. सुईत दोरा जात नाहीये.” आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी नवऱ्याच्या नाकावरून चष्मा उचलून आपल्या नाकावर ठेवला. सुई डोळ्यांसमोर धरली. दूर धरली. मग चष्म्यातून नवऱ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनी माझ्या सुईवरपण फुंकर मारली की! दोऱ्यावर मारली, भिंतीवर मारली आणि तुमच्या टकलावर तर चांगली दाबून मारली आहे!”

त्यांनी चष्मा काढून उजेडात धरला.

“अहो, हा चष्मा कशाने पुसता तुम्ही?”

जजसाहेबांनी हातातल्या फ्लॅनेलकडे पाहिलं. पॉलिश आणि मेण पिऊन ते लोण्यासारखं मऊ झालं होतं. “चहा झाला की... गाडी नीट डोळे भरून बघावी म्हणून... चष्मा पुसतो,” ते म्हणाले.

“ह्याच्याने?”

“मऊ असतं ते.”

“आणि सकाळी आंघोळीच्या वेळी साबणाने धुता, म्हणून काम करताना स्वच्छ दिसतं. धन्य! बाकीचं जग धुरकट दिसलं तेव्हा नाही वाटलं काही?”

“बाकीच्या जगाकडे मी बघितलंच नाही,” जजसाहेब खालच्या आवाजात म्हणाले.

जजीणबाईंनी मग न सांगता दाजींच्या हातातलं भिंग घेतलं, दोन्ही वस्तू साबण लावून नळाखाली धरल्या आणि पुसून आणून दिल्या. जजसाहेबांनी चष्मा चढवला. गाडीत त्यांना आख्खं घर दिसलं, झाड दिसलं, आणि झाडाखाली पांढऱ्या कोटात पाठ फिरवून उभा राहिलेला मित्र दिसला.

ते त्याच्यापाशी गेले. “अरे,” ते म्हणाले आणि अडले. “मी... तो निकाल... रद्द.”

“नुसता रद्द?” डॉक्टर वळले नाहीत. “आणि माझी अब्रूनुकसानी?”

“तू म्हणशील ती शिक्षा.”

डॉक्टर वळले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग जजसाहेबांकडे. “रविवारी गाडी मी चालवणार. माझ्या मुलीला मी नेणार.”

वडिलांनंतर त्या गाडीच्या स्टिअरिंगला जजसाहेबांशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. जजीणबाई गाडी शिकल्या होत्या त्या माहेरच्या गाडीवर. जजसाहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवली. “पहिला गिअर जरा समजुतीने घ्यावा लागतो,” एवढंच म्हणाले.

“मला हेच घडवून आणायचं होतं,” दाजी सर्वांना उद्देशून म्हणाले. “दबाव टाकला की सत्य बाहेर येतं.”

“चला घरी,” ताई म्हणाली. “तिथे मी टाकते दबाव.”

रविवारी सकाळी अख्खी गल्ली जमली. मुलगी मागच्या सीटवर बसली होती आणि दाराच्या निळ्या रंगात बघून केस सारखे करत होती. डॉक्टरांनी घामेजल्या हातांनी स्टिअरिंग धरलं, गिअरची समजूत काढली, गाडी डौलात निघाली, फाटकाशी वळली आणि खर्रर्र!

डाव्या दारावर फाटकाच्या खांबाने पांढरा ओरखडा ओढला. चांगला वीतभर. डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांचाच दात भूल न देता उपटला. सगळे जजसाहेबांकडे बघू लागले.

जजसाहेब सावकाश चालत गेले. दारासमोर अशा बेताने उभे राहिले, की ओरखडा त्यांच्या कोटाआड गेला.

“थांबलास का?” त्यांनी विचारलं.

“अरे... दाराला...”

“दाराला काय? मला तर काही दिसत नाही.”

“मला दिसतंय!” दाजी भिंग उगारून पुढे धावले. “वीतभर आहे! खांबावर निळा रंगसुद्धा लागलाय, अगदी सरळ पुरावा!” दाजींच्या सगळ्या कारकिर्दीतला हा पहिला अचूक निष्कर्ष होता. ताईने शांतपणे भिंग त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. मास्तरने त्यांचा दंड धरला.

“चल, गिअर टाक,” जजसाहेब खिडकीत वाकून म्हणाले. “पोरीला उशीर होतोय.”

गाडी निघाली. ओरखड्यासकट उन्हात अशी काही झळकत गेली, की वळणापर्यंत सगळे बघत राहिले. गाडी दिसेनाशी झाली तरी जजसाहेबांचा निरोपाचा हात वरच होता. तो खाली घ्यायची आठवण त्यांना बायकोने करून दिली.