एक वायर उरली

रविवारी सकाळी राजेश परबांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली, तिच्यावर आपली बेस गिटार आडवी केली आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला. ओट्याशी माधुरीबाई सुरमईला मसाला लावत होत्या. मागे वळून न बघताच त्यांनी विचारलं, "काय उघडताय?"

"टोन कंट्रोल."

"चालत नाहीये का?"

"चालतोय की."

"मग?"

या 'मग'चं उत्तर परबांकडे होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. उत्तर सव्वीस वर्षांपूर्वीचं होतं. लग्नानंतरचा ऑर्केस्ट्राचा पहिला कार्यक्रम, माधुरीबाई पहिल्या रांगेत आणि परब स्टेजवर घामाघूम. घरी येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "छान झालं हो सगळं. तुम्ही नक्की वाजवत होतात ना?"

त्यांच्या मनात काहीसुद्धा वाकडं नव्हतं. त्यांना ढोलकी ऐकू आली, कीबोर्ड ऐकू आला, नंदकुमारचं गाणं तर घाटकोपर स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असेल. बेस मात्र ऐकू आली नाही. परबांनी रिक्षात समजावून सांगितलं, की बेस वाजत असते तेव्हा कळत नाही, थांबली की काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. "म्हणजे पंख्यासारखं," माधुरीबाई समजूतदारपणे म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी नवऱ्याचा प्रत्येक झब्बा इस्त्री केला आणि एकही कार्यक्रम चुकवला नाही. पण तो पंखा परबांच्या डोक्यात सव्वीस वर्षं फिरत होता.

आता शनिवारी सोसायटीचा रौप्यमहोत्सव होता. त्यात ऑर्केस्ट्रा होता, आणि परबांनी नुकताच मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. टोन कंट्रोलमधला जुना कंडेन्सर काढून छोटा बसवायचा, की बेसचा घोगरा आवाज मोकळा होतो, खणखणीत वाजतो, असं त्यातला दाढीवाला शपथेवर सांगत होता. पहिल्या रांगेत तर नक्कीच पोचला असता.

खरं म्हणजे माधुरीबाई साकीनाक्याच्या एका युनिटमध्ये वीस वर्षं लिफ्टचे कंट्रोल पॅनल जोडत होत्या. हाताखाली सहा मुली होत्या, आणि त्यांनी केलेलं सोल्डरिंग पुन्हा तपासायची पद्धत त्या युनिटमध्ये नव्हती. पण जिला चकित करायचं, तिच्याचकडून काम कसं करून घेणार? परबांनी स्वतःच प्लेट उघडली. जुना कंडेन्सर निघाला, शेंगदाण्याएवढा पिवळा नवा बसला आणि बोटाला फक्त दोन चटके बसले.

या गडबडीत एक काळी वायर सुटून आली. तिचं दुसरं टोक लाकडातल्या एका भोकात गेलं होतं. परबांनी ती हलकेच ओढली, तर ती वीतभर वायर अख्खी हातात आली. त्या टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं, नुसती उघडी तांब्याची तार. परबांनी विचार केला. जी वायर पलीकडे कशालाच जोडलेली नाही, तिचं काम काय? कंपनीवाल्यांकडून चुकून आत राहिली असणार. इतक्या वर्षांत ही चूक पकडणारे आपणच पहिले, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

प्लेट लावून त्यांनी बेस छोट्या अॅम्पला जोडली. आवाज खरंच झकास झाला होता. फक्त खालून कुठूनतरी 'घूंऽऽ' असा बारीक सूर येत होता.

"फ्रिज," परबांनी निदान केलं आणि फ्रिजचं बटण बंद केलं. घूं थांबलं नाही.

"शेजारच्यांचा फ्रिज," त्यांनी निदान सुधारलं.

शेजारच्यांचा फ्रिज बंद करता येत नव्हता आणि स्वतःचा सुरू करायचं ते विसरले. संध्याकाळी माधुरीबाईंनी फ्रिज उघडला, वास घेतला, सुरमईकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. परबांनी त्या आठवड्यात तीनदा दुधीची भाजी खाल्ली आणि एकदाही तक्रार केली नाही.

टेबल पुसताना माधुरीबाईंना ती काळी वायर सापडली. "ही कुठली?"

"उरली."

"उरली?" माधुरीबाईंनी वायरकडे पाहिलं, बेसकडे पाहिलं, दुधी चिरत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग वायर बोटाभोवती गुंडाळून त्यांनी पर्समध्ये टाकली. वायर उघड्यावर पडलेली त्यांना सहन होत नसे.

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या आवारात मांडव सजला. ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यांना बंद गळ्याचे, लांब बाह्यांचे झब्बे आणि भगवे फेटे होते. दोन मोठे स्पीकर, रंगीत दिवे, समोर दोनशे खुर्च्या. परबांनी बेसची पिन खोचली, साउंडवाल्या सुबोधने आवाज वाढवला आणि सगळ्या आवारात 'घूंऽऽऽ' घुमलं. पहिल्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडायला लागलं.

"मिक्सर कोणी लावलाय रे?" नंदकुमार माइकवरून ओरडला. तो ऑर्केस्ट्राचा मालक, गायक आणि निवेदक असं सगळं होता.

"दिव्यांमुळे येतोय," सुबोध म्हणाला. दिवे बंद केले. अंधारात घूं जरा कमी झालं, पण थांबलं नाही. "मग पाण्याचा पंप असेल." पंप बंद केला. "नाहीतर लिफ्ट." सेक्रेटरी उत्साही माणूस होते, त्यांनी धावत जाऊन लिफ्टचा मेन स्विचच पाडला.

घूं होतं तिथेच राहिलं. त्यात आता इमारतीच्या पोटातून एक आवाज मिसळला.

"मेल्यांनू! दिवो लावा रे! माका काय्येक दिसना नाय!"

ते अण्णा होते. सोसायटीतले सर्वांत ज्येष्ठ सभासद, वय शहाऐंशी, आणि दीपप्रज्वलनासाठी पाचव्या मजल्यावरून निघालेले प्रमुख पाहुणे. ते तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे होते. स्विच पुन्हा वर केला. अण्णा खाली आले, सेक्रेटरींना त्यांनी मालवणीत जे काय सांगायचं ते सांगितलं, समई लावली आणि खुर्चीत बसून म्हणाले, "आता हो भुंगो कोणाचो ता बघा."

सुबोधने एकेक वाद्य बंद करत आणलं. बेस बंद केली आणि मांडवात गाढ शांतता पसरली. सगळ्यांच्या नजरा परबांवर खिळल्या.

नंदकुमार जवळ आला. त्याने माइक बाजूला धरला होता, पण तो बंद करायचं विसरला होता. "राजा, आज बेस राहू दे यार. कीबोर्डवर भागवून घेतो. कुणाला कळणारपण नाही."

'कुणाला कळणारपण नाही' हे दोन्ही स्पीकरमधून अगदी स्वच्छ ऐकू आलं. परबांनी मान खाली घातली आणि पिन काढायला हात नेला. सव्वीस वर्षं जे स्वतःला सांगायचं टाळलं, ते नंदकुमारने दोनशे लोकांसमोर सांगून टाकलं होतं. त्यांना इतकं वाईट वाटलं, की फेटा डोक्यावर आहे याचीसुद्धा लाज वाटायला लागली.

"थांबा. काढू नका ती."

माधुरीबाई पदर खोचून स्टेजच्या पायऱ्या चढत होत्या.

"काय केलंत त्या दिवशी?"

"कंडेन्सर बदलला. आणि ती एक वायर... उरली ना."

माधुरीबाईंचा हात खांद्यावरच्या पर्सकडे गेला. तिथे क्षणभर थांबला आणि पर्स नीट मागे सरकवून परत आला.

"अर्थिंग गेलंय, तुमच्या अंगामुळेच घूं होतंय," त्या म्हणाल्या. "सुबोध, बेस चालू कर. अहो, ती पिन धरा. धातूला बोट लावा."

परबांनी बोट लावलं. घूं थांबलं. मांडवातून एक सुस्कारा निघाला.

"आता वाजवा."

परबांनी वाजवायला बोट काढलं. घूंऽऽ.

"तीन हात हवेत," परब हताश होऊन म्हणाले.

"मग आहेत की." माधुरीबाईंनी उजव्या हाताने पिन पकडली आणि डावा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. घूं चालूच. "कपड्यावरून नाही चालायचं. अंगाला लागायला हवं." त्यांनी नवऱ्याला न्याहाळलं. हात वाजवण्यात गुंतलेले, बाह्या मनगटापर्यंत, गळा बंद, कपाळापर्यंत फेटा. सोयीची अशी एकच जागा उघडी होती.

माधुरीबाईंनी नवऱ्याचा कान धरला.

मग जो हशा उसळला, तो बाजूच्या सोसायटीतून लोक खिडक्यांत येईपर्यंत थांबला नाही. बायकांच्या रांगेतून टाळ्या आल्या. अण्णा काठी आपटून म्हणाले, "सोडू नको गो!" नंदकुमारमधला निवेदक जागा झाला. "रसिकहो, बेसवर राजेश परब, आणि कानावर माधुरी परब!"

मागे स्टूल ठेवून माधुरीबाई दोन तास बसल्या. कोळीगीत झालं, लावणी झाली. पहिल्या गाण्याला परबांचा कान लाजेने लाल होता, तिसऱ्या गाण्यापासून तो त्यांच्या लक्षातही राहिला नाही. त्यांनी असं वाजवलं, की ढोलकीवाल्याने दोनदा वळून पाहिलं.

आवराआवर करताना सुबोध वायरी गुंडाळत म्हणाला, "काका, तारा जिथे अडकवतात ना, त्या पत्र्याखाली आतून एक काळी वायर जाते. ती लावून टाका. नुसती दाबून बसवायची असते, सोल्डर पण लागत नाही तिथे."

"घरी राहिली रे," परब म्हणाले.

जिना चढताना माधुरीबाई म्हणाल्या, "ते दुसरं कडवं संपलं, की तुम्ही एकेक पायरी खाली उतरत गेल्यासारखं वाजवता ना? ते मला फार आवडलं. त्यावरच सगळं गाणं उभं आहे हो."

परब जिन्यातच थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी फेट्याच्या शेमल्याने पुसलं. "ऐकू आलं तुला?"

"दोन तास तुमच्याजवळ बसले. प्रत्येक ठोक्याला कान हलतो तुमचा. न ऐकू यायला काय झालं?"

दाराशी आल्यावर परबांनी चावीसाठी बायकोच्या पर्समध्ये हात घातला. चावीच्या आधी बोटांना काहीतरी लागलं. गुंडाळलेली, वीतभर, काळी वायर. परबांनी ती बराच वेळ बोटांत धरली. मग होती तिथे ठेवून दिली, चावी काढली आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी माधुरीबाईंनी बेस उघडली आणि पाच मिनिटांत वायर जागेवर बसवली. जाताजाता नवऱ्याने केलेले बाकीचे जोडही त्यांनी नीट करून टाकले. आवाज स्वच्छ झाला, घूं नावालाही उरलं नाही.

दोन महिन्यांनी मुलुंडला कार्यक्रम होता. परबांनी पिन खोचली आणि सगळ्या हॉलमध्ये 'घूंऽऽऽ' घुमलं.

माधुरीबाई पहिल्या रांगेतून उठल्या. कोणी न सांगता स्टूल घेऊन स्टेजवर आल्या.

"अगं, परत सुटली वाटतं," परब दुसरीकडे बघत म्हणाले.

माधुरीबाईंनी बेसकडे पाहिलंच नाही. नवऱ्याच्या झब्ब्याच्या खिशातून एका काळ्या वायरीचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी हळूच आत ढकललं, पिन पकडली आणि कान धरला. या वेळी जरा पिरगाळूनच.