शेवंताआक्का आणि कावळे

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडंतिकडं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, तेवढं सांभाळून घ्यावं. आमच्या शेवंताआक्काबद्दल लिहायचं आहे.

आक्का नाशिकरोडच्या चाळीत माझ्या शेजारी राहायची. शनिवारी मला सोबतीला घेऊन त्र्यंबकच्या बाजूच्या देवराईत जायची. तिथं गर्द झाडीत मारुतीचं देऊळ आहे आणि माकडांचं राज्य. लोक माकडांसाठी काठी आणत. आक्का छत्री आणायची, तीही कावळ्यांसाठी. कावळा दिसला की छत्री उगारून धावायची. "हाड मेल्या! तुला कुणी बोलावलं?"

माकडांना मात्र सगळं माफ. एकदा एका मास्तरांची टोपी माकडानं पळवली. ते ओरडले, तर आक्का त्यांनाच म्हणाली, "आवडली आसंल त्याला. तुमच्या डोक्यावर कुठं शोभत व्हती?" मी पदरात तोंड लपवलं.

डब्यात शेंगदाण्याचे लाडू असायचे. "घे, माझ्या भानूचा वाटा," म्हणत ती एकेका माकडाला द्यायची. भानू तिचा एकुलता मुलगा. मॅट्रिकला नापास झाला, बापानं चारचौघांत मारलं, तो गेला तो गेलाच. तो आता येत नाही, हे चाळीत सगळ्यांना कळलं होतं.

एकदा निफाडहून तिचे दीर आले. "वहिनी, बारा वर्सं झाली. रामकुंडावर पोराचं करून टाकू. कावळा शिवला की तोबी सुटंल, तुमीबी सुटाल."

"माझा भानू जिता हाय."

"मंग बारा वर्सांत एक कागद नाय धाडला?"

आक्का शेंगदाणे निवडायला बसली. अमावस्येला भटजी सांगून ठेवलेत म्हणाले आणि दीर गेले.

अमावस्येच्या आधीच्या शनिवारी आम्ही देवराईत गेलो. उंबर पिकले होते. माकडं वरच बसून खात होती. "या रं बाबांनो, या," आक्कानं किती हाका मारल्या. एकही उतरलं नाही. कावळे मात्र पायरीवर आले. छत्री उगारली की दोन हात सरकायचे, परत यायचे. शेवटी तिचा हात दुखायला लागला.

ती मटकन खाली बसली आणि डबा ओढून लाडू स्वतःच्याच तोंडात कोंबायला लागली. एक गिळायच्या आत दुसरा. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आक्का, पाणी तरी घ्या."

तिनं मानेनंच नको म्हटलं. डबा रिकामा केला. पायरीवर चुरा सांडला होता. कावळे बघत होते. बोट ओलं करून ती एकेक कण टिपायला लागली.

मग मीही तिच्याजवळ बसले आणि टिपू लागले.