एक आकाशगंगा, चार उजेड

मारोतरावांच्या ओसरीत पाऊल ठेवलं की आधी चहा मिळत नाही, आकाशगंगा मिळते. तीही चार वेळा. भिंतीवर ओळीनं चार फ्लेक्स टांगलेले आहेत आणि चारींसमोर थोडं थोडं थांबल्याशिवाय खुर्ची मिळत नाही. वीजबिल देणाऱ्या पोरालाही या फेरीतून सुटका नाही.

"ही साध्या उजेडातली," मारोतराव पहिल्यावर सळई टेकवून सांगतात. "कशी दिसतीय? सरकी काढलेला कापूस. मधी काळा पट्टा हाय, तेवढा सोडून द्या. आता हिकडं या. ही उष्णतेच्या उजेडातली. पट्टा पेटलेला दिसला का? ही एक्स-रेची. पोटातून झोत निघायलाय बगा. आन ही रेडिओची. दोन्ही अंगाला हे येवढाले पंख, आन आपला कापूस मधी टिकलीयेवढा. चारी एकच बरं का, सर."

"पण इतकी खवळलीय कशानं?" पहिल्या खेपेला मी विचारलं होतं.

"हिनं दुसरी आकाशगंगा गिळली. आजून पचली न्हाई."

हे ते अशा आवाजात सांगतात की आपण नकळत आपल्या पोटावर हात ठेवतो. त्यात एक्स-रेच्या फ्लेक्सच्या मधोमध एक पांढरा ठिपका आहे, तो कुठूनही पाहिलं तरी आपल्याकडेच बघत असतो. गल्लीतल्या बाया त्या भिंतीकडे पाहत नाहीत. कुणीतरी दर अमावस्येला तिच्याखाली लिंबू ठेवून जातं. खरं तर त्यांनी भ्यायचं काही कारण नव्हतं, कारण फ्लेक्सवाल्यानं सवयीनं चारीच्या खाली 'शुभेच्छुक : मित्रमंडळ' असं छापून दिलेलं आहे. मारोतरावांनी ते खोडलं नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तिला तरी कोन हाय?"

मी त्यांच्या समोरच राहतो, शाळेत शिकवतो. मारोतराव सेलूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं आहेत आणि त्यांचं काम सांगितलं तर परगावच्या माणसाला थट्टा वाटेल. ते कापसाच्या गंजीत लांब सळई खुपसतात, थोडा वेळ थांबतात, बाहेर काढतात आणि गालाला लावतात. गंजी वरून पांढरीशुभ्र, थंडगार असते, पण आत कुठंतरी ठिणगी शिरलेली असली तर ती आठ-आठ दिवस आवाज न करता खात बसते. धूर नाही, वास नाही. एकदा त्यांनी मला गंजीशी नेलं आणि कानात म्हणाले, "हिच्या आत कोनतरी जागं हाय." भर दुपारी बारा वाजता माझ्या अंगावर काटा आला. संध्याकाळी ती गंजी फोडली, तर मधोमध काळं, लालबुंद भगदाड निघालं. तेव्हापासून मी त्यांच्या गालाची चेष्टा करणं सोडलं.

कापसाच्या बांधलेल्या गाठीसाठी त्यांचा नियम वेगळा. "धुमसती गाठ उघडायची न्हाई, सर. वारा लागला की भडकती. लांब न्यायची, बंद ठिवायची, खामोश बसायचं. आपोआप इझती."

हाच नियम त्यांनी घरात लावला. दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी, रेणुका, तापानं आठ दिवसांत गेली. परभणीला बीएस्सी करत होती. त्या चार उजेडांची चित्रं तिच्याच मोबाइलमधली. चौदाव्या दिवशी मारोतरावांनी तिच्या खोलीला कुलूप घातलं आणि घरात तिचं नाव काढणं बंद केलं. त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, बोलणंच बंद केलं. स्वयंपाक करतात, धुणं धुतात, हाक मारली तर वळून पाहतात, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे.

मारोतराव रोज संध्याकाळी माझ्या दाराशी येतात. गप्पा कापसाच्या भावाच्या. जाता जाता मात्र चप्पल शोधल्यासारखं करून विचारतात, "आज तुमच्या मंडळींशी काय बोलली का ही?"

"नाही."

"बरं. फिकीर न्हाई. थंड व्हायलीय." आणि जातात. दोन वर्षांत हा प्रश्न एक दिवसही चुकला नाही, आणि दोन वर्षांत माझं उत्तर बदललं नाही.

गेल्या महिन्यात जिनिंगच्या शेठनं उष्णता दाखवणारा कॅमेरा आणला. मारोतरावांना तो अपमान वाटला. "कामून? गालाला काय झालतं?" असं चार दिवस म्हणत राहिले. पाचव्या दिवशी शेठला विचारून तो कॅमेरा घरी घेऊन आले आणि रविवारी दुपारी मला हाक मारली.

खेळण्याएवढा पडदा. त्यांनी कॅमेरा माझ्यावर रोखला, चित्र धरून ठेवलं आणि पडदा मला दाखवला. माझा चेहरा पिवळा-केशरी, आणि चष्म्याच्या जागी दोन काळी भोकं. मी हसलो, पण ते हसू माझं मलाच आवडलं नाही. मग त्यांनी कॅमेरा घरभर फिरवला. भिंती निळ्या, माठ गर्द निळा, नुकताच ठेवलेला चहाचा कप पांढरा. सगळं घर पाण्याखाली बुडाल्यासारखं दिसत होतं.

आणि रेणुकाच्या बंद दारावर एक हात होता.

पाच बोटं, तळवा, स्पष्ट. केशरी. मी पडद्यावरून नजर काढून दाराकडे पाहिलं, तर तिथं फक्त दार आणि कुलूप. पुन्हा पडद्यात पाहिलं, तर हात होताच. बघता बघता एकेक बोट मावळायला लागलं.

"सर," मारोतराव कुजबुजले, "आत कोन हाय?"

हात पुरता विझला. आम्ही दोघं पन्नाशीतले शाळकरी पोरांसारखे एकमेकांना चिकटून उभे होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुमनकाकू पाण्याचा तांब्या घेऊन निघाल्या. आमच्याकडे लक्ष नव्हतं. दाराशी आल्या, न थांबता, न पाहता, मोकळा हात क्षणभर दारावर टेकवला आणि पुढं गेल्या. त्यांच्या तळव्याची ऊब दाराला लागून राहिली, आणि पडद्यावर तो हात पुन्हा उमटला.

मारोतरावांनी कॅमेरा खाली घेतला. दिवसातून किती वेळा त्या तिथून जात असतील, आणि हा माणूस दोन वर्षं त्याच घरात होता.

"ही तर पेटलेलीच हाय वो," ते म्हणाले. "मी समजलो, बंद ठिवलं की इझंल. बायकूला गाठ समजलो मी, सर. माझ्या बायकूला."

कॅमेरा माझ्या हातात कोंबून ते देवघरात गेले आणि किल्ली घेऊन आले. कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. तीस वर्षं सळई खुपसलेला तो हात इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. शेवटी कुलूप निघालं. दार ढकलून ते बाजूला झाले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "रेणुकाची खोली उघडलीय मी. ये."

काकू आल्या. उंबऱ्याशी उभ्या राहून आत पाहत राहिल्या. टेबलावर वह्या, खुंटीला ओढणी, सगळ्यावर धुळीचा जाड थर. मला वाटलं आता आक्रोश होणार. आवाज आला तो अगदी हलका, वापरात नसलेला, घोगरा.

"किती धूळ वो ही. पोरगी काय म्हनंल?"

मारोतराव तिथंच उंबऱ्यावर बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला.

"उठा," त्या म्हणाल्या. "आधी तिची खिडकी उघडा."