हिरव्या खणाच्या फलकाची हकीकत

श्री. ज्यास जे दैवत मान्य असेल त्याने ते स्मरावे, ज्यास मान्य नसेल त्याने क्षणभर स्वस्थ बसावे, आणि मग पुढील हकीकत ऐकावी. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका तीन खोल्यांच्या राज्यात कापडी फलक सिद्ध करण्याची मोहीम निघाली, तिचा हा वृत्तान्त. बखरीत पाच माणसांची पाच हजार करण्याची चाल आहे. येथे माणसे तीन, ती तीनच लिहिली आहेत.

राज्याच्या धनीण कुमुदिनीबाईसाहेब. त्यांनी एकतीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकविले आणि मुलांस नित्य बजाविले की पडताळा पाहिल्यावाचून काही मानू नये. त्यांचे यजमान, ज्यांस घरात सरकार म्हणत, दीड वर्ष अंथरुणास खिळून मागील माघात निवर्तले. मग त्या खोलीतील पलंग हलविला, मेज आणि खुर्ची मांडिली, आणि बाईसाहेबांनी तेथे आपले दप्तर थाटण्याचे योजिले, कारण मुलांकरिता बेचाळीस प्रयोगांचे पुस्तक लिहावयाचे होते आणि एकेक प्रयोगाचा कागद डोळ्यांसमोर टाचून ठेवणे जरूर होते. परंतु भिंतीवर, सरकारांचे मस्तक जेथे टेकत असे तेथे, तेलाचा डाग राहिला होता. दोन वेळा रंग दिला तरी तो वर आला. बाईसाहेबांनी डाग मोजिला, तो वीतभर भरला, आणि फलक त्याच जागी लावावा असे ठरविले.

त्या समयी कन्या अनघाबाई माहेरी होत्या. पोटी पाचवा महिना, यजमान समुद्रापलीकडे नोकरीस, आठ दिवसांनी विमानाने त्यांजकडे जाणे, आणि बाळंतपणही तिकडेच. त्यांनी बाजारातून दोन फूट चौरस सॉफ्टबोर्ड आणिला, त्याच्या पाठीस प्लाय जोडविला, पिना मारण्याची गन उसनी आणिली, आणि मग कापडाचा शोध करण्यास मायलेकी पेटीपाशी बसत्या जाहल्या. पेटीत त्रेसष्ट खण निघाले, सर्व लोकांनी बाईसाहेबांच्या ओटीत घातलेले, आणि बहुतेक एका घरातून दुसऱ्या घरात फिरत आलेले.

"आई, हा जांभळा तू देवस्थळीकाकूंना दिला होतास ना?"

"दिला होता. चार घरं हिंडून परत आला. माझ्याहून जास्त फिरलाय तो."

मग तळाशी एक हिरवा खण निघाला, बारीक बुट्ट्यांचा, तांबड्या काठाचा, आणि अनघाबाईंनी तो फलकावर अंथरून पाहिला. "हाच लावूया."

"तो नको. तो तुझ्या ओटीचा. तुझं लग्न झालं त्या वर्षी घेऊन ठेवलाय."

"मग निघताना तूच भरायची हं."

यावर बाईसाहेब पट्टी घेऊन प्लाय पुन्हा मोजू लागल्या, वास्तविक ते एकदा मोजून झाले होते. आणि कापडाचा निर्णय तसाच राहिला.

प्रयाणाचे दिवशी सकाळी सरकारांच्या भगिनी प्रमिलाबाई आल्या. तबकात नारळ, तांदूळ आणि तो हिरवा खण मांडिला होता. अनघाबाई पाटावर बसल्या, आणि बाईसाहेब दोन पावले मागे सरून बोलिल्या, "वन्सं, तुम्ही भरा."

प्रमिलाबाई म्हणाल्या, "भरते मी. पण वहिनी, तुम्ही भरलीत तरी मी काही म्हणायची नाही. इथे लोक आहेत कुठे? आपण तिघी."

विधवेने ओटी भरू नये असा रिवाज. त्यास कारण कोठे नोंदलेले नाही, आणि त्या दिवशी त्या घरात तो कोणी सांगितलाही नाही. हे येथे स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे.

"आई, पुराव्याशिवाय मानायचं नाही, हे मला कुणी शिकवलं?"

"मीच. पुरावा नाहीच आहे. पण तुझ्यावर मला प्रयोग करायचा नाही."

"म्हणजे तुला वाटतं, तुझ्या हातानं मला काही होईल?"

"नाही वाटत."

"मग?"

"वाटत नाही, आणि तरी करवत नाही गं."

तेव्हा अनघाबाईंनी आत्याबाईंपुढे पदर पसरिला, नारळ आणि तांदूळ घेतले, खण मात्र उचलून आईसमोर धरिला. "हा तुझा आहे. तू घातलास तर नेते." खाली गाडी उभी होती, चालकाने दोन वेळा हॉर्न वाजविला. बाईसाहेबांचा हात खणापर्यंत गेला आणि तेथेच राहिला. मग अनघाबाईंनी खण उघड्या फलकावर ठेविला, दोघींच्या पाया पडल्या, आणि जिना उतरून गेल्या.

चौथे दिवशी बाईसाहेबांनी फलक हाती घेतला. खणाचा पन्हा तीस इंच, म्हणजे प्रत्येक बाजूस तीन इंच दुमडण्यास पुरेसा. खणास इस्त्री केली, तो उलटा अंथरिला, त्यावर फ्लॅनेल, त्यावर बोर्ड पालथा घातला, आणि चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारिली, मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ताणीत कोपऱ्यांकडे गेल्या. हे काम दोघींचे, एकीने ताणावे, दुसरीने मारावे; बाईसाहेबांनी कापड गुडघ्याखाली दाबून एकटीने केले. एक काठ तिरपा गेला, तेव्हा नऊ पिना उपटून ती बाजू पुन्हा केली. मग फलक भिंतीस लाविला, डाग झाकला गेला, आणि पहिल्या प्रयोगाचा कागद टाचावा म्हणोन टाचणी उचलली. टाचणीने खणास भोक पडणार हे उघड होते. तरी बाईसाहेब बराच वेळ ती तशीच धरून उभ्या राहिल्या, मग टोचली.

पुढील वैशाखात अनघाबाई प्रसूत जाहल्या, कन्या झाली, दोघी सुखरूप. प्रमिलाबाईंनी फोन करून आनंद कळविला, "यश आलं वहिनी माझ्या हाताला! बरं झालं, तेव्हा तुम्ही मागे सरलात." एका उदाहरणावरून काही ठरत नाही, हे उत्तर बाईसाहेबांनी एकतीस वर्षे शेकडो मुलांस दिले होते. या वेळी देता आले नाही, कारण दुसऱ्या बाजूचे उदाहरण त्यांनी स्वतःच घडू दिले नव्हते.

संध्याकाळी अनघाबाईंनी फोनवर तान्ही दाखविली. बाईसाहेबांच्या पाठीमागे फलक दिसत होता.

"छान ताणलायस आई. एक सुरकुती नाही."

"एक बाजू दोनदा करावी लागली. बारसं कधी करताय?"

"दिवाळीत येऊ, तेव्हा तिथेच करू. पाळण्यात कुणी घालायचं ते आत्याशी बोललेय मी. तुला पुन्हा अवघड नको."

हे अनघाबाई रागाने बोलिल्या नाहीत. बाईसाहेब म्हणाल्या, "बरं केलंस."

येणेप्रमाणे फलकाची हकीकत जाहली. फलक चौरस बसला, ताण चहूंकडे सारखा, आणि बेचाळीस प्रयोगांचे पुस्तक त्यासमोर बसून पुरे जाहले. जो प्रयोग केला नाही, तो त्यात नाही. जसे घडले तसे लिहिले. इति.